कडावच्या नाक्यावरचा चहा

कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कडाव हे गाव लागते. बाहेरच्या लोकांना ते बाल दिगंबर गणेशाच्या देवळामुळे माहीत आहे. आसपासच्या वाड्या-पाड्यांतल्या माणसाला ते बाजारपेठ म्हणून माहीत आहे. मीठ-मिरची, कापड, कौले, औषध, एस.टी., सगळ्याला कडाव. आमच्या आईचे माहेर तेथून चालत पाऊण तासावर. लहानपणी सुटीत आजोळी गेलो की मामांच्या मागे मागे कडावला जाणे हीच आमची सहल असे. तरीही वयाची अठ्ठेचाळीस वर्षे उलटेपर्यंत कडावच्या नाक्यावर बसून आम्ही कधी कपभर चहासुद्धा घेतला नव्हता. आई बरोबर असली म्हणजे ती तेथे थांबूच द्यायची नाही. "घरी जाऊन खा, इथं कशाला पैशे घालवतोस?" एवढेच म्हणायची. आम्ही ती काटकसर समजत होतो.

खरे कारण कळले ते मुंबईत, आणि तेही एका व्हिएतनामी हॉटेलात. म्हणून आधी ते सांगणे भाग आहे.

आमच्या थोरल्या मुलीला गेल्या वर्षी नोकरी लागली. पहिल्या पगारात आजीला हॉटेलात जेवायला न्यायचे, असा तिचा हट्ट. आम्हाला वाटले, नेईल एखाद्या उडुप्याकडे. पण मुलगी आजच्या काळातली. तिने मोबाइलवर शोधून उपनगरातल्या एका गल्लीतले व्हिएतनामी हॉटेल काढले. आमच्या सौ. दारातच म्हणाल्या, "बाई, इथं काय खाणार आपण?" पण आत गेल्यावर भीती गेली. सहा टेबले, साधी फरशी, भिंतीवर भातशेतीचे एक चित्र. आपल्या इराण्याच्या हॉटेलाइतकेच साधे. मुलीने सांगितले की त्या देशात ही अशीच गल्लीबोळातली खाण्याची ठिकाणे असतात. कामावर जाणारी माणसे सकाळी फुटपाथवरच्या बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसून गरम रस्सा ओरपतात आणि पुढे जातात.

त्या रश्श्याला फो म्हणतात. हाडांचा रस्सा तासन् तास उकळतात, त्यात तांदळाच्या चपट्या शेवया सोडतात आणि वरून ताजा पाला. आम्ही कोंबडीचा मागवला. आईने पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "कांदा विस्तवावर भाजून घातलाय. आणि चक्रीफूल हाय." वाढणारा मुलगा मिझोरामचा होता. त्याला मुलीने हिंदीत विचारले, तो आत जाऊन विचारून आला. होय, कांदा आणि आले दोन्ही जाळावर भाजूनच घालतात, शिवाय चक्रीफूल आणि दालचिनी. वाटणाचा कांदा चुलीत खुपसून भाजण्यात जिचा जन्म गेला, तिला हे कळायला व्हिएतनामी भाषा यावी लागत नाही.

पण खरी गंमत पुढेच. एका ताटलीत पांढऱ्या, आरपार दिसणाऱ्या गुंडाळ्या आल्या. आत कोळंबी, कोशिंबिरीचा पाला, पुदिना. वरचे आवरण तांदळाचे. आईने एक गुंडाळी उलगडली, ते आवरण दोन बोटांत धरून उजेडासमोर बघितले आणि आम्हाला म्हणाली, "अरे, ही तर आपली फेणी! पाण्यात भिजवून मऊ केलीय."

रायगडातल्या भगिनींना फेण्या सांगायला नकोत, पण आमचे वाचक विदर्भ-मराठवाड्यातही आहेत, म्हणून सांगतो. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचे. मग बारीक वाटून, मीठ-जिरे घालून पीठ सरबरीत करायचे. ते ताटलीवर किंवा पानावर अगदी पातळ पसरून वाफेवर धरायचे, अलगद सोलायचे आणि उन्हात वाळवायचे. व्हिएतनाममध्ये उकळत्या पाण्याच्या भांड्यावर कापड ताणून बांधतात, त्यावर तांदळाचे पातळ पीठ पसरून झाकण ठेवतात, आणि वाफवलेला पापुद्रा बांबूच्या काठीने उचलून बांबूच्या तट्ट्यावर उन्हात टाकतात. फरक इतकाच की आपण ती तळून खातो आणि ते लोक पाण्यात बुडवून भाजी-मासळी गुंडाळायला घेतात. जेथे भात पिकतो आणि ऊन कडक पडते, तेथल्या बायकांना बहुधा एकच युक्ती सुचत असावी. मांदेलीसारखे बारीक मासे मिठात महिनोन् महिने मुरवून काढलेले पाणीही ते लोक चवीला घेतात. सुकटीवर वाढलेल्या आम्हाला त्याच्या वासाने मुळीच बिचकायला झाले नाही.

तो बौद्धांचा देश, हे आईला ऐकून ठाऊक होते. बुद्धगयेला गेलो होतो तेव्हा तेथला व्हिएतनामी विहार आम्ही तिला दाखवला होता. तेथील पुष्कळ उपासक चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला मांस-मच्छी वर्ज्य करतात, हे मुलीने वाचून सांगितले तेव्हा आईने विचारले, "मग पुनवेला खीर करतात का?" त्याचे उत्तर मुलीच्या मोबाइलातही नव्हते.

आई पोटभर जेवली. दुसऱ्यांदा रस्सा मागितला. वर चहा घेतला. बिल आमच्या कारकुनी जिवाला झोंबणारे होते, पण ते मुलीने दिले, म्हणून आम्ही गप्प राहिलो. बाहेर पडताना आई सहज म्हणाली, "कडावच्या हॉटेलापेक्षा हे बरं. कुठली म्हणून कुणी इचारलं नाय."

नात म्हणाली, "आजी, कडावचं कुठलं हॉटेल?"

ते उत्तर परतीच्या अंबरनाथ लोकलमध्ये मिळाले. साल १९५८ च्या सुमाराचे. आई आठ-नऊ वर्षांची. बापाबरोबर डोक्यावर मोळी घेऊन कडावला आलेली. मोळ्या खपल्या की बाप लेकीला चहा पाजायचा, हा तिच्या जिवाचा सोहळा. हॉटेलाच्या बाहेर वळचणीखाली एका खुंटीला आपल्या लोकांचा कप अडकवलेला असे. तो आपणच काढायचा, पुढे धरायचा, वरून ओतलेला चहा उकिडवे बसून प्यायचा, कप विसळायचा आणि परत अडकवायचा. त्या दिवशी बाप मोळीवाल्याशी हिशेब करीत होता, म्हणून ही पोर एकटी पुढे गेली. खुंटीपर्यंत हात पुरेना. आतल्या पोऱ्याला दया आली की थट्टा सुचली कोण जाणे, त्याने काठीने कप खाली पाडला. फुटला. मालकाने भरपाई बापाकडून घेतली. पुढच्या खेपेला बापाने स्वतःच्या पैशाने नवा कप विकत आणून दिला. आई म्हणाली, "निळ्या फुलांचा होता. आमच्या पैशाचा. तोबी त्यांनी बाहेरच्या खुंटीलाच लावला."

त्यानंतर तिने नाक्यावर चहा मागितला नाही. लग्न होऊन अंबरनाथला आली, कारखान्याच्या गेटवर वडिलांना डबा पोचवला, आम्हा तिघांना शिकवले, मोर्चात चालली. हे मात्र कधी बोलली नाही. ते हॉटेल आज राहिलेले नाही, त्याचा मालकही नाही. नाव देण्यात अर्थ नाही. तेव्हा अशी खुंटी पुष्कळ ठिकाणी होती.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, त्यात सरकारी कागदांत आयुष्य गेलेले. घरी आल्यावर रात्री आम्ही तारखा लावून पाहिल्या. संविधान लागू झाले १९५० साली. त्याच्या १५ व्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांचा शब्दाने उल्लेख आहे. अस्पृश्यता (गुन्हे) कायदा झाला १९५५ साली. पुढे १९७६ च्या दुरुस्तीने त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले. त्याच्या ४ थ्या कलमात तर उपाहारगृहात ठेवलेली भांडी वापरण्याच्या हक्काचाही उल्लेख आहे. म्हणजे आईचा तो कप कायद्यात नावानिशी आलेला होता आणि तरी खुंटीवर होता. आणि हा जिल्हा कोणता? तेव्हाचा कुलाबा, १९८१ पासूनचा रायगड. २० मार्च १९२७ रोजी जेथे चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले, तोच. पाण्यापासून चहापर्यंत यायला एकाच जिल्ह्यात तीस वर्षांहून अधिक लागले.

मुलगी म्हणाली, आजीला कडावला घेऊन जायचे. आईने आधी उडवून लावले. मग दोन दिवसांनी स्वतःच विचारले, "जायाचं कधी?"

भीमजयंतीनंतरच्या रविवारी निघालो. बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड आणि कर्जत. मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना बोरघाट चढण्यासाठी कर्जतला मागून इंजिने जोडतात. तेवढ्या थांब्यात खिडकीतून जो वडा घ्यायचा, त्याने या स्टेशनाचे नाव सगळीकडे झाले. आम्हीही घेतला. मुलीने माहिती दिली की व्हिएतनाममध्येही लांबट पावात भाजी-मांस भरून रस्त्यावर विकतात आणि तो पाव फ्रेंचांनी नेलेला. आपला पाव पोर्तुगीजांचा. राज्ये गेली, पाव दोन्हीकडे राहिले.

पुढे एस.टी. आईला तिकीट नाही, कारण पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून प्रवास मोफत. आमच्या सौ. आणि मुलीला २०२३ पासून अर्धे. पूर्ण तिकीट काढणारे घरात आम्ही एकटेच, असे कंडक्टर हसत म्हणाला. एप्रिल असूनही रस्त्याच्या काही भागात शेते हिरवीगार होती. टाटांच्या भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेले पाणी राजनाल्याने तालुक्यातल्या काही गावांना मिळते, त्यावर हे उन्हाळी भात. उरलेली शेते कोरडी, वाल काढून मोकळी झालेली. कर्जत हे भाताचेच गाव म्हणायचे. १९१९ पासून तेथे भाताचे संशोधन चालते आणि कर्जत-३, कर्जत-७ अशी गावाच्या नावाची वाणे कोकणभर लावली जातात. मधे मधे मात्र शेतावर कुंपण पडून फार्महाऊसचे फलक लागले आहेत. आई प्रत्येक फलकाशी "हे कुणाचं होतं" ते सांगत होती. विकणाऱ्याचे नाव तिला आठवत होते, घेणाऱ्याचे फलकावर होते.

कडावला उतरलो तेव्हा साडेबारा झाले होते. मामांकडे निरोप दिला होता की जेवून येतो. मामी फोनवर चिडल्या होत्या, माहेरवाशीण आली आणि बाहेर जेवते म्हणजे काय! त्यांना सगळे फोनवर कसे सांगणार?

नाक्यापासून थोड्या अंतरावर पत्र्याच्या शेडची एक खानावळ आहे. बाहेर फळ्यावर खडूने लिहिलेले: कोंबडी थाळी, सुकट थाळी, वालाचे बिरडे, तांदळाची भाकरी. आत चार टेबले. दोन ट्रकवाले, गवंडीकाम करणारी तीन-चार माणसे, कॉलेजची मुले, आणि फार्महाऊसकडे निघालेले एक शहरी कुटुंब बाटलीबंद पाणी सोबत घेऊन बसलेले. मुंबईतल्या त्या हॉटेलासारखेच हे, ज्याला भूक लागली त्याने यावे आणि जेवावे. आमच्या सौ. आणि मुलगी आत गेल्या. आई पायरीशी थांबली.

"मी इथंच बसते. वारा हाय बाहेर."

बाहेर एक बाकडे होते, त्यावर ती बसली. वारा वगैरे काही नव्हता. एप्रिलचे ऊन पत्र्यावर तडतडत होते. मुंबईत अनोळखी देशाच्या हॉटेलात ही बाई बेधडक शिरली होती. आम्ही काही बोललो नाही. अशा वेळी हात धरून आत नेणे सोपे असते, सभांतून आम्ही तसे पुष्कळ बोललो आहोत. पण ही आमची आई होती आणि पायरी तिची होती.

खानावळीच्या बाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या, पदर खोचलेला. "आजी, आत पंखा आहे, उन्हात कशाला बसता?" आणि मग तो प्रश्न आलाच. "कुठल्या तुम्ही?"

आईने माहेरचे गाव सांगितले. बाई म्हणाल्या, "म्हणजे कुणाच्या?"

खेड्यात या प्रश्नाचा अर्थ काय असतो ते आमच्या वाचकांना सांगायला नको. मुंबईत हाच प्रश्न कोणी विचारला नव्हता, म्हणून तेथला रस्सा गोड लागला होता. आईने मान वर केली आणि जरा मोठ्यानेच म्हणाली, "बौद्धवाडीतल्या."

बाई क्षणभर थांबल्या. तो क्षण आम्हाला फार लांब वाटला. मग त्या आत वळून ओरडल्या, "अगं ए, बाहेर ये, तुमच्या वाडीची माहेरवाशीण आलीय!"

आतून पिठाचे हात घेऊन एक बाई धावत आली. चाळिशीची. आधी ओळख पटेना, मग नाती निघाली. ती आमच्या मामींच्या भावकीतली सून निघाली. या खानावळीत भाकऱ्या तीच थापते, अशी सहा वर्षे झाली म्हणाली. "चला आत्या, तव्यावर भाकर हाय, करपंल," असे म्हणून ती पळाली, आणि आमची आई उठून तिच्या मागे सरळ स्वयंपाकघरात गेली. टेबलाकडे तिने बघितलेसुद्धा नाही.

येथे जरा विषयांतर करतो. २०२१ साली उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यातल्या एका शाळेत दलित भोजनमातेच्या हातचे जेवण मुलांनी नाकारल्याची बातमी आपण सर्वांनी वाचली आहे. तामिळनाडूतील काही गावांत चहाच्या टपरीवर दोन वेगळ्या पेल्यांची पद्धत या शतकातही आढळल्याचे अहवाल आहेत. म्हणून भाकरीचे पीठ कोणाच्या हातचे, ही आम्हाला लहानसहान गोष्ट वाटत नाही. एका खानावळीवरून सगळ्या तालुक्याला आम्ही प्रशस्तिपत्रही देणार नाही. कामावर ठेवणे वेगळे आणि सोयरीक वेगळी, हे आम्ही जाणतो. पण त्या चार टेबलांवर बसलेली सगळी माणसे त्या हातची भाकरी मोडून खात होती आणि कोणाच्या हातची म्हणून विचारीत नव्हती, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. खानावळीच्या बाई स्वतः कोणत्या समाजाच्या, हा प्रश्न आमच्या जिभेवर आला होता, हेही कबूल करतो. आम्ही तो गिळला.

आतून आईचा आवाज येत होता. "उकड गरम हाय तवरच मळ. गार झाली की कडा फुटतात." दहा मिनिटांनी ती बाहेर आली आणि पंख्याखालच्या खुर्चीवर बसली, जणू रोज तेथेच बसत असावी. ताटे आली. पांढरीशुभ्र भाकरी, सुकटीची चटणी, वालाचे बिरडे, भात, कांदा. आमच्या मुलीने कोंबडी घेतली. रश्श्याला भाजक्या कांद्याचा तोच वास. मुलगी आजीकडे पाहून हसली. ताटाच्या कडेला तळलेली फेणी होती. आईने ती मोडून प्रत्येकाला एकेक तुकडा दिला.

जेवण झाल्यावर ती म्हणाली, "चा सांग." आम्ही सांगितला. काचेच्या पेल्याऐवजी बाईंनी कपबशीत पाठवला, वय बघून असेल. आईने बशीत ओतून, फुंकून, सावकाश घेतला. मग कप रिकामा झाला आणि ती उठली. कप-बशी हातात घेऊन इकडेतिकडे पाहू लागली. आम्हाला वाटले, हात धुवायचे असतील. पण ती मोरी शोधत होती. कप विसळायला. मुंबईत तिने असे केले नव्हते.

वाढणारा तरुण पुढे आला. "आजी, द्या इकडे," म्हणून त्याने कप तिच्या हातातून घेतला, दुसऱ्या टेबलावरचे कप उचलले, सगळे एकात एक रचले आणि आत घेऊन गेला. आई त्या ढिगाकडे बघत उभी राहिली. आतून नळ सुटल्याचा आवाज आला, भांडी एकमेकांवर वाजली. मग ती परत खुर्चीवर बसली.

पैसे तिने दिले. मुलीला देऊ दिले नाहीत, आम्हाला तर नाहीच. कमरेच्या पिशवीतून नोटा काढून तिने दोनदा मोजल्या. चार थाळ्या आणि चहा मिळून सहाशे चाळीस झाले. बाई चहाचे पैसे नको म्हणत होत्या. आई म्हणाली, "नाय, चाचे आधी घ्या."

निघताना तिने फेण्यांची दोन पाकिटे विकत घेतली, एक मामींचा राग काढायला आणि एक नातीला. नातीला ती पाण्यात भिजवून कोळंबी गुंडाळून बघायची आहे. आई म्हणते, फाटेल. आमची फेणी जाड असते, आणि आंबवलेली. तरी पुढच्या रविवारी करून बघायचे ठरले आहे.